नकाशावरची एक रेषा

समुद्रात लुटले जाते एकच जहाज. त्याचा खर्च मात्र त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला भरावा लागतो. परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यापासून समुद्र कितीही लांब असला, तरी हा खर्च तिथवर पोहोचतो. सेलू-जिंतूर पट्ट्यातला कापूस गाठींच्या रूपाने किंवा सोयाबीन पेंडीच्या रूपाने परदेशी निघाले, की न्हावा शेवा बंदराच्या पुढे सगळा प्रवास पाण्यावरचा. माल युरोपला जाणारा असेल तर नेहमीची वाट अरबी समुद्र, एडनचे आखात, लाल समुद्र आणि सुएझ कालवा अशी.

या वाटेवर 2008 पासून सोमाली चाच्यांचा उपद्रव फार वाढला. मासेमारीचे एखादे मोठे जहाज आधी पळवायचे, त्यावर लहान वेगवान होड्या लादून खोल समुद्रात जायचे आणि मालाने भरलेले, पाण्यात खोल बसलेले संथ जहाज दिसले की कडेला शिडी अडकवून वर चढायचे, ही त्यांची रीत. जहाजांनी कठड्यांना काटेरी तारा गुंडाळल्या, पाण्याचे जोरदार फवारे लावले, सशस्त्र रक्षक नेमले. जास्त वेगासाठी जास्त इंधन जाळले. हे सगळे शेवटी भाड्यात चढते. भाडे चढले की निर्यातदार खरेदीचा भाव जपून बोलतो.

त्याखेरीज विम्याचाही भार. 2010 च्या सुमारास जहाज व्यवसायातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी धोक्याच्या क्षेत्राची पूर्वेकडची हद्द 78 अंश पूर्व रेखांशापर्यंत आणली. हीच रेषा जमिनीवर उत्तरेला वाढवली तर ती यवतमाळजवळून जाते. देवगाव फाटा तिच्या पश्चिमेला राहतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा जवळजवळ सगळा समुद्र अशा रीतीने धोक्याचा ठरला आणि जादा विमा हप्त्याचा बोजा भारतीय व्यापारावर पडला.

भारतीय नौदल ऑक्टोबर 2008 पासूनच एडनच्या आखातात गस्त घालत होते. 2011 च्या पहिल्या तीन महिन्यांत अरबी समुद्रात शंभरावर चाचे पकडून मुंबईला आणले गेले; ‘व्हेगा 5’ या एकाच जहाजावर 61 जण सापडले. त्यानंतर हल्ले ओसरले, रेषा मात्र हलली नाही. धोक्याचे क्षेत्र टाळायला परदेशी जहाजे किनाऱ्याला चिकटून, कोळ्यांच्या जाळ्यांच्या मधून जाऊ लागली. 15 फेब्रुवारी 2012 रोजी केरळजवळ ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या सैनिकांनी चाचे समजून दोन भारतीय मच्छीमारांना गोळ्या घालून मारले. चाचेगिरीच्या भीतीची इतकी जबर किंमत, तीही चाच्यांशी काडीचा संबंध नसलेल्यांनी मोजली. भारताने पाठपुरावा केल्यावर डिसेंबर 2015 मध्ये हद्द 65 अंशांवर मागे गेली. 1 जानेवारी 2023 रोजी ते क्षेत्रच रद्द झाले.

चाचे पकडण्याइतकेच अवघड काम त्यांना शिक्षा देण्याचे. ‘अलोन्ड्रा रेनबो’ हे अॅल्युमिनियमने भरलेले जपानी मालकीचे जहाज ऑक्टोबर 1999 मध्ये इंडोनेशियाहून निघाल्यावर पळवले गेले. चाच्यांनी नाव रंगवून ‘मेगा रामा’ केले. नोव्हेंबरमध्ये तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने आणि नौदलाच्या ‘प्रहार’ने पाठलाग करून ते अरबी समुद्रात धरले. मुंबईच्या न्यायालयाने 2003 मध्ये आरोपींना सात वर्षांची शिक्षा दिली. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच तेव्हा देशात नव्हता. तो संसदेत मंजूर झाला डिसेंबर 2022 मध्ये. एवढा सागरी व्यापार असलेल्या देशाला हा उशीर शोभणारा नव्हता.

नव्या कायद्याची गरज लवकरच पडली. नोव्हेंबर 2023 पासून येमेनमधल्या हौथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. हेतू राजकीय असल्याने त्यांना चाचेगिरी म्हणता येत नाही, पण अनेक जहाजांनी सुएझ सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा वळसा घेतला आणि युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. आरमारांचे लक्ष तिकडे वळताच सोमाली चाचे पुन्हा बाहेर पडले. डिसेंबरमध्ये त्यांनी ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवले. मार्च 2024 मध्ये भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने ते अडवले, हवाई दलाच्या विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले गेले आणि सुमारे 40 तासांच्या कारवाईत 17 खलाशी सुखरूप सुटले. पकडलेले 35 चाचे 23 मार्चला मुंबईत पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले.