शूऽऽ! कॉम्प्युटर खेळतोय!

दोस्तांनो, गेम ऐन रंगात येतो आणि कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागतो. हा आवाज येतो कुठून, ठाऊक आहे?

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती हाकलायला पंखे धावतात. उष्णता जास्त, तर गोंगाटही जास्त! म्हणून सुटे भाग घेताना आधी 'वॉट' वाचा.

गेममध्ये सर्वांत खादाड असतं ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडियाचं २०२२ मधलं आरटीएक्स ४०९० कार्ड ४५० वॉटचं, तर २०२३ मधलं ४०६० फक्त ११५ वॉटचं! घरचा पडदा साधा १०८० रेषांचा असेल, तर दुसरं पुरतं. मुंगी मारायला तोफ कशाला?

पंखे मोठे घ्या. १४० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरूनही १२० मिलिमीटरच्या पंख्याइतकी हवा ढकलतो. पेटीला पुढून जाळी हवी. हार्ड डिस्क गरगर फिरते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती अगदी मुकी! पॉवर सप्लाय गरजेहून थोडा मोठा घ्या, म्हणजे त्याचा पंखाही निवांत राहील.

आणखी एक. पंखे खोलीतलीच हवा आत ओढतात. नागपूरच्या मे महिन्यात पेटी कपाटात कोंडलीत, तर महागडे पंखेही हात टेकतील! तिला भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, प्लग काढून अधूनमधून धूळ झटका.

पैसे आईबाबांच्या घामाचे आहेत. तेव्हा दुकानात जाण्याआधी वहीत वॉटची बेरीज मांडा. मांडाल ना?