गाडी आडवी झाली तर... ओरखड्यांचा हिशेब कसा करावा?

मोटारसायकल ही आता आपल्या घरातील चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार, घरोघरी पार्सल पोचविणारा तरुण, वाडीवस्तीवर फिरणारी आरोग्यसेविका, मुलाला परीक्षेला सोडणारा बाप या सर्वांचे पोट गाडीवर चालते. बहुतेकांची गाडी हप्त्यावर घेतलेली असते. त्यामुळे नव्या गाडीवर पहिला ओरखडा पडला की घरात सुतक पडल्यासारखे वातावरण होते. कोणी शिव्या घालतो, कोणी जेवत नाही, तर कोणी दृष्ट लागली म्हणून लिंबू-मिरची बांधायला निघतो.

गाडी भरधाव असताना झालेला अपघात हा वेगळा विषय आहे. येथे आम्ही बोलतो आहोत ते उभ्या उभ्या किंवा चालण्याच्या वेगात गाडी आडवी होते त्याबद्दल. अशी गाडी का पडते? साईड स्टँड पावसाने भिजलेल्या मातीत रुततो. वळण घेताना हँडल वळलेले असते आणि घाईत पुढचा ब्रेक दाबला जातो. थांबल्यावर पाय टेकायला जातो तो नेमका खड्ड्यात. वाळूवर चाक सरकते. गाडीचे वजनही थोडे नसते. स्प्लेंडरसारखी साधी गाडीसुद्धा सुमारे ११२ किलोची आहे आणि बुलेट प्रकारातील क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची. एवढे वजन एकदा कलले की मोठमोठ्या पहिलवानालाही सावरत नाही. यात दृष्टीचा, मुहूर्ताचा किंवा गाडीच्या नंबराचा काहीही संबंध नाही.

आधी माणूस, मग गाडी

गाडी पडल्याबरोबर पहिला प्रश्न ‘गाडीला काय झाले’ हा नव्हे, तर ‘तुला काय झाले’ हा असावा. पाय गाडीखाली अडकला आहे का, घोटा मुरगळला आहे का, तापलेला सायलेन्सर पोटरीला लागला आहे का, हे पाहावे. भाजले असेल तर निदान वीस मिनिटे नळाचे वाहते गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई असले काहीही लावू नये. फोड मोठा असेल तर दवाखान्यात दाखवावे.

त्यानंतर इंजिन बंद करावे. गाडी आडवी असताना टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळू शकते, म्हणून जवळ कोणी विडी-काडी पेटवू नये. उचलताना कमरेत वाकून ओढू नये. अशाने कंबर धरते आणि आठ दिवसांचा रोज बुडतो. शक्य असल्यास गाडी गिअरमध्ये टाकावी, म्हणजे चाक फिरत नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर डावीकडचा साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा. मग सीटला पाठ लावावी, एका हाताने हँडल व दुसऱ्या हाताने मागची पकड धरावी आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठावे. शेजारी कोणी असेल तर त्याला हाक मारण्यात कमीपणा नाही.

रंग नंतर, ब्रेक आधी

उचलल्यावर सर्वांचे लक्ष टाकीवरच्या चऱ्याकडे जाते. ते नंतर पाहता येईल. आधी या गोष्टी तपासाव्यात :

पुढच्या ब्रेकचा लीव्हर नीट दाबला जातो का आणि परत येतो का? अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडल्यावर आपोआप मागे फिरते का? हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का? मागच्या ब्रेकचे पायडल किंवा गिअरचा लीव्हर आत वाकून इंजिनला टेकला आहे का? इंजिनखाली तेल ठिबकते का? हेडलाईट, मागचा लाल दिवा आणि इंडिकेटर लागतात का? या सर्वांची उत्तरे ठीक असतील तरच गाडी चालवावी.

पुढचे चाक सरळ असताना हँडल तिरके दिसत असेल तर घाबरून जाऊ नये. पुष्कळदा पुढचे फोर्क पकडीत थोडेसे फिरलेले असतात. मेकॅनिक बोल्ट सैल करून ते सरळ बसवतो. मात्र तसेच चालवत राहू नये. नव्या इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत गाडी कलल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. अशी गाडी उचलल्यावर सुरू झाली नाही तर किल्ली बंद करून पुन्हा चालू करावी.

क्लच किंवा ब्रेकचा लीव्हर वाकला असेल तर तो ठोकून सरळ करण्याचा मोह होतो. हा लीव्हर अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव असतो. एकदा वाकलेला पुन्हा वाकवला की त्याला बारीक चीर जाते आणि ऐन गर्दीत तो हातात येतो. साध्या गाडीचा लीव्हर फार महाग नसतो. तेथे काटकसर करू नये. फुटलेला आरसाही लगेच बदलावा, कारण मागून येणारा ट्रक त्यातच दिसतो.

ओरखडा किती खोल?

आता दिसण्याची बाजू. ओरखड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले नाही तर फक्त वरचा चकाकीचा थर खरचटलेला आहे. ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, मऊ कापडाने रबिंग कंपाऊंड हलक्या हाताने घासावे व वर वॅक्स पॉलिश लावावे. बहुतेक चरे जातात किंवा दिसेनासे होतात.

नख अडकत असेल पण आतला पत्रा दिसत नसेल तर त्याच रंगाचा टच-अप रंग बारीक ब्रशने फक्त चरीत भरावा, बाहेर फासू नये. वाळल्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून अगदी हलका फिरवावा आणि मग पॉलिश करावे.

पत्रा उघडा पडला असेल तर मात्र वेळ लावू नये. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत दोन पावसांत तेथे गंज धरतो आणि रंगाच्या आतून पसरत जातो. गंज पॉलिश पेपरने काढून आधी प्रायमर, मग रंग, मग चकाकीचा थर असा क्रम ठेवावा. प्रायमरशिवाय मारलेला रंग पोपडे धरून निघतो.

प्लॅस्टिकच्या भागावर थिनर किंवा पेट्रोल चोळू नये, त्याने प्लॅस्टिकच खराब होते. सायलेन्सरला साधा रंग देऊ नये, तो जळून जातो; उष्णता सोसणारा रंग वेगळा मिळतो. सगळ्या गाडीचा रंगच बदलायचा झाला तर आर.सी. बुकात तशी नोंद आर.टी.ओ.कडून करून घ्यावी लागते. मूळ रंगात केलेल्या डागडुजीला काही लागत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. टाकीला पोचा आला तर ती कोणत्याही गल्लीतल्या वेल्डरकडे नेऊन आग लावू देऊ नका. पेट्रोल काढून रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीइतकीच, कधीकधी अधिक धोक्याची असते, कारण आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आणि एका ठिणगीने तिचा स्फोट होतो. पोचा सोसेल, पण असला उद्योग नको.

विम्याचे गणित

‘विमा आहे ना, क्लेम टाका’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. प्रथम आपला विमा कोणता ते पाहावे. कायद्याने सक्तीचा आहे तो तृतीय पक्षाचा विमा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तो एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यातून आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा वेगळा विमा चालू असावा लागतो.

तो असला तरी हिशेब मांडावा. सर्वसाधारण पॉलिसीत प्लॅस्टिक व रबरी भागांची निम्मीच किंमत मिळते. रंगकामात रंगसाहित्याच्या खर्चापैकी निम्मा कापतात आणि एकत्रित बिलात हे साहित्य पाव हिस्सा धरतात. समजा बिल १८०० रुपये झाले. त्यात प्लॅस्टिक १००० आणि रंगकाम ८००. प्लॅस्टिकचे ५०० मिळतील. रंगकामातील साहित्य २०० धरून त्याचे १०० कापले, म्हणजे ७०० मिळतील. एकूण १२००. सक्तीची वजावट १०० धरली तर हाती ११०० येतील.

आता दुसरी बाजू. क्लेम न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर बोनस मिळतो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो. समजा आपण ३५ टक्क्यांवर आहोत आणि मूळ हप्ता १५०० रुपये आहे. क्लेम केला नाही तर पुढे ४५ आणि मग दरवर्षी ५० टक्के सूट. क्लेम केला तर शून्य, २०, २५, ३५, ४५. पाच वर्षांतील फरक भरतो १२० टक्के, म्हणजे १८०० रुपये. गाडीची किंमत घटते तसा हप्ताही घटतो, म्हणून फरक थोडा कमी होईल. तरीही ११०० साठी सुमारे दीड हजारावर पाणी सोडण्यासारखे ते आहे. नुकसान मोठे असेल तर मात्र जरूर क्लेम करावा. कंपनीला ताबडतोब कळवावे आणि पाहणी होईपर्यंत दुरुस्ती करू नये.

ओरखडा कोणाला पडतो?

आमच्या वस्तीतील एक ताई अंगणवाडीच्या कामासाठी गाडी शिकत होत्या. दुसऱ्याच दिवशी वळणावर गाडी आडवी झाली. इंडिकेटर तुटला, साडी गार्ड घासले. घरातून ऐकावे लागले, ‘तुला कोणी सांगितलं होतं? बस होती ना!’ ताईंनी किल्ली खुंटीला लावली ती पुन्हा काढली नाही. इंडिकेटर दुसऱ्या दिवशी बदलला गेला. आज त्या दोन बस बदलून जातात आणि रोजचा दीड तास रस्त्यात जातो.

त्याच गल्लीत त्यांचा भाचा तीनदा पडला. त्याला सगळे म्हणाले, ‘पडल्याशिवाय शिकणार कसा?’ हाच न्याय घरातील मुलीला, सुनेला का लागू नये? शिकविताना रिकामे मैदान निवडावे, जुनी गाडी मिळाली तर उत्तम, क्रॅश गार्ड जरूर बसवावा, हेल्मेट मैदानातही घालावे. आणि गाडी पडलीच तर त्याच दिवशी तिला पुन्हा गाडीवर बसवावे, म्हणजे भीती घर करीत नाही.

उपजीविकेसाठी गाडी चालविणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही हेच सांगणे आहे. ओरडा बसेल या भीतीने मुलगा वाकलेला ब्रेक लीव्हर लपवून तसाच कामावर जात असेल, तर तो राग घराला महागात पडेल. दर महिन्याच्या हप्त्याबरोबर शंभर-दोनशे रुपये डागडुजीसाठी बाजूला ठेवावेत. किल्ली कोणाच्याही हाती असो, गाडी पडली तर त्याने घरी येऊन मोकळेपणाने सांगावे, इतका विश्वास घरात असला पाहिजे.