हिरड्यांतून येणारें रक्त

गेल्या वैशाखांत तारकर्लीस एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास कर्लीची खाडी आणि मध्यें माडांच्या सावलींतलें तें घर! पहिल्याच सकाळीं मागील दारीं दोन दृश्यें आमच्या नजरेस पडलीं. आजीबाई बोटावर मशेरी घेऊन दांतांवर घाशीत होत्या. आणि पांच महिन्यांची गर्भवती असलेली नातसून चुळींतलें रक्त कोणास दिसूं नये म्हणून घाईनें पाणी ओतीत होती. "चार दिवस ब्रश लावूं नकोस, चिमूटभर मशेरी लाव म्हणजे थांबेल," हा आजीबाईंचा मायेचा सल्ला. त्यांच्या स्वतःच्या मुखांत मात्र चारच दांत उरले होते!

हा सल्ला पुष्कळ घरांत चालतो, म्हणून त्याचा विचार करणें अगत्याचें आहे. दांत व हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा चिकट थर रोज बसतो. तो वेळींच न काढल्यास हिरडी सुजते व तींतून रक्त येतें. पुढें लाळेंतील क्षारांनीं थर कठीण होऊन त्याचें कीटण बनतें. १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत डेन्मार्कमधील हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १२ निरोगी माणसांचें दांत घासणें बंद केलें. तीन आठवड्यांच्या आंत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणें पुन्हा सुरू होतांच सुमारें आठवड्यांत त्या पूर्ववत् झाल्या. तेव्हां रक्त येतें म्हणून ब्रश टाकणें म्हणजे रोगास आमंत्रणच होय.

सुश्रुतसंहितेंत दंतमूलाचे १५ रोग सांगितले असून, रक्तस्रावाच्या रोगास 'शीताद' असें नांव आहे. ही सूज खोल गेली कीं दांतास धरणारें हाड झिजतें, आणि गेलेलें हाड सहसा परत येत नाहीं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूमुळें रक्तस्राव कमी दिसतो, पण रोग आंतून वाढतच राहतो; शिवाय मुखाच्या कर्करोगाचें भय, आणि गर्भवतीच्या बाबतींत पोटांतील बाळासहि अपाय. गर्भारपणांत हिरड्या मुळांतच हळव्या होतात. मधुमेहानें हा विकार बळावतो, आणि विकारानें रक्तांतील साखर आवरणें कठीण होतें.

उपाय साधे आहेत. सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं मऊ ब्रशनें, फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून, दोन मिनिटें हिरडीच्या कडेपर्यंत हलक्या हातानें घासावें. दांतांच्या फटी धाग्यानें किंवा बारीक ब्रशनें साफ कराव्या. कोमट मिठाच्या पाण्यानें आराम पडतो, परंतु कीटण निघत नाहीं. तें दंतवैद्यानेंच काढावयास हवें. त्यानें दांत खिळखिळे होतात ही समजूत खोटी आहे. हाड अगोदरच झिजलेलें असतें. कीटणाचा आधार गेला कीं तें उघड होतें, इतकेंच. गर्भवतीसहि, आपली स्थिति दंतवैद्यास सांगून, ही सफाई निर्धास्तपणें करून घेतां येते.

आमच्या आग्रहावरून नातसून मालवणास दंतवैद्याकडे गेली; सोबतीस आजीबाईच होत्या. परतल्यावर त्या म्हणाल्या, "माझी संवय आतां सुटेल न सुटेल, पण ही डबी हिच्या हातीं पुन्हा देणार नाहीं." वाचकहो, आपल्या घरींहि अशी एखादी डबी फळीवर असेल, तर आजच तिची विचारपूस करा.