विमानातला कळंक आणि आपले श्रवणयंत्र



लोदजवळच्या एका विमान-दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी ३१ वर्षे काम केले. पंख किंवा इंजिन माझ्याकडे नव्हते. माझ्याकडे यायचे ते रेडिओ, रडार आणि दिशा दाखवणाऱ्या यंत्रांचे डबे. लोक मला विचारतात, एवढी महागडी यंत्रे बिघडतात तरी कशाने? मी सांगतो, पुष्कळदा ओलीने.

लोखंडाला गंज चढतो हे सर्वांना ठाऊक आहे. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ठेवलेले ताक कळकते, हेही आपल्या आयांनी आपल्याला दाखवले आहे. विमानाच्या यंत्रांत तसेच होते. तांबे हिरवे पडते, अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, चांदी काळी होते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यात ओल शिरली की तिथे एक छोटीशी बॅटरीच तयार होते, आणि त्यातला एक धातू हळूहळू खाल्ला जातो. ओलीत मीठ असेल तर हे काम आणखी भराभर होते. समुद्राकाठच्या अश्दोदच्या हवेत आणि दिमोनाच्या कोरड्या हवेत फरक पडतो तो यामुळेच.

मग आभाळात ओल कुठून येते? दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची थंडी उणे ५० अंशांच्या आसपास असते. विमान खाली उतरले की दमट हवा थंड धातूला लागते आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा त्याला घाम फुटतो. शिवाय विमानातल्या स्वयंपाकाच्या जागेतले आणि शौचालयातले पाणी झिरपते ते वेगळेच.

ही बारीकसारीक बाब नव्हे, बरं का. अमेरिकेच्या एफ-१६ विमानांच्या काही अपघातांचा संबंध एका जोडणीशी लावला गेला आहे. कथिलाचा मुलामा दिलेल्या पिना सोन्याचा मुलामा दिलेल्या खोबणीत बसवल्या होत्या. थरथरीने त्या घासल्या, कळंकल्या, आणि इंधन बंद करणारी झडप कोणी न सांगता मिटली.

कळंक काढताना आमचा क्रम ठरलेला असे. आधी वीज बंद, बॅटरी सुटी. मग मऊ ब्रशने भुकटी झाडायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. शेवटी कोमट हवेने पूर्ण वाळवायचे. पॉलिश पेपर किंवा लोखंडी घासणी पिनांना अजिबात लावायची नाही. सोन्याचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो, दोनदा घासला की गेला! आणि ज्याने साफ केले ते रसायनही मागे राहू द्यायचे नाही.

पण खरी हुशारी कळंक येऊच न देण्यात आहे. वायर जोडणीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते. उघड्या जोडणीला टोपी घालायची. सुटे भाग सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद ठेवायचे. घामात मीठ असते, म्हणून पिनांना बोट लावायचे नाही. सुकताना शिरक्यासारखा वास येणारा सिलिकॉन यंत्राजवळ वापरायचा नाही, कारण त्यातून निघणारे आम्ल धातू खाते.

आता आपल्या घरात बघा. या वयात आपलीही काही यंत्रे जीव सांभाळतात: श्रवणयंत्र, गळ्यातले मदतीचे बटण, ममादमधला टॉर्च. सायरन ऐकू आला नाही किंवा टॉर्च लागला नाही, तर काय होईल ते सांगायला नको.

श्रवणयंत्र आंघोळीपूर्वी काढा. बदलायच्या सेलचे असेल तर रात्री सेलचे झाकण उघडे ठेवा आणि यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. टॉर्चचे सेल महिन्यातून एकदा काढून पाहा. साध्या अल्कलाइन पेन्सिल सेलमधून पांढरी भुकटी आली असेल तर ती क्षार आहे. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका. सेल टाकून द्या. कापसाच्या काडीवर शिरक्याचे एक-दोन थेंब घेऊन पुसा. इथे आम्ल चालते, कारण ते क्षाराला मारते. पण नंतर स्पिरिटने शिरका पुसून काढा आणि जागा पूर्ण वाळू द्या. मदतीचे बटण मात्र स्वतः उघडू नका. उघडले तर त्यात पाणी शिरू शकते. कंपनीला सांगून दर महिन्याला ते दाबून तपासा.

आणि एक. आपण कोकणातले शनिवार तेली. कोयत्याला तेल लावून ठेवणे आपल्या हाडात आहे. कोयत्याला ते ठीक, पण सेलच्या जागेला खोबरेल लावू नका. त्यावर धूळ बसते, चिकटा होतो आणि वीज अडते. यंत्राला तेल नको, कोरडेपणा हवा.

आज शब्बाथ लागण्यापूर्वी ममादमधला टॉर्च एकदा लावून पाहा.