पुढली चाके, मागली चाके आणि आमचा चुकलेला हिशोब

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने वेगवान मोटारीच्या टायरांवर लेख लिहावा, हे पाहून स्मरणिकेच्या वाचकांस किंचित नवल वाटेल. आजवर ह्या पानांतून आम्ही तुरीची आवक, वखारीतील कीड, बारदानाचे भाव अशा आमच्या नित्याच्या विषयांवरच काय ते लिहिले. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्याच एका सल्ल्यामुळे घरातील एका तरुणाच्या जिवावर बेतले होते. त्यानंतर जे आम्हांस शिकावे लागले, ते आधी ठाऊक असते तर तो प्रसंगच आला नसता. हल्ली आपल्या व्यापारी बंधूंच्या घरांतून तरुण मुले हौसेने अशा मोटारी बाळगतात व मोठी चाके बसवून घेतात. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी हे चार शब्द वाचावेत, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आमचे चलथाण मुंबई-दिल्ली महामार्गावर वसलेले आहे. पूर्वी ह्या मार्गाचा क्रमांक ८ होता, आता तो ४८ झाला आहे. रात्रंदिवस मालमोटारींची रीघ लागलेली असते, आणि धान्याच्या धंद्यात उभा जन्म गेल्यामुळे मालमोटारीचे टायर आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मालमोटारीच्या पुढल्या व मागल्या टायरांचे माप बहुधा एकच असते. पुढले झिजले की मागे टाकावे, एकच जादा टायर कोणत्याही चाकास चालावा, अशी ती सोय. ही सोय आमच्या डोक्यात पक्की बसली होती, आणि तिनेच आमचा घात केला.

आमचा पुतण्या सुरतेस कापडाच्या धंद्यात आहे. त्याने दोन आसनांची एक जुनी पोर्श बॉक्सस्टर मोटार घेतली. २०१२ साली ह्या मोटारीची जी पिढी बाजारात आली, तीतील ही एक. तिचे इंजिन आसनांच्या मागे, मागल्या आसाच्या पुढे असते. तिला १८ इंची चाके होती. पुतण्यास २० इंची हवी होती. तो म्हणाला, “काका, पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे घ्यावे लागतात म्हणे. खर्च फार होतो.” आम्ही जराही विचार न करता उत्तर दिले, “चारही एकाच मापाचे घे. भावही बरा पडेल आणि आलटून पालटून वापरता येतील.” दुकानदारास काय, माल विकावयाचा होता. त्याने एकाच रुंदीच्या चार रिमा व २४५/३५ आर २० मापाचे चार टायर बसवून दिले.

दुसऱ्याच दिवशी मोटारीच्या फलकावर एक पिवळा दिवा लागला. पुतण्याने विचारले तेव्हा आम्ही सांगितले, “नव्या चाकांची सवय होईल तिला.” आठ दिवसांनी, भर पावसात, कडोदऱ्याकडून घरी येताना महामार्गावरून बाजूच्या रस्त्यास वळते वेळी मोटारीचा मागचा भाग एकाएकी बाहेर फेकला गेला. मोटार गरकन फिरली आणि उलट्या तोंडाने दुभाजकास टेकून उभी राहिली. मागून मालमोटार येत नव्हती, हे दैव बलवत्तर. पुतण्यास खरचटलेही नाही. परंतु घरी आल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि आम्हांसही त्याच्याकडे पाहवेना.

पुढे सुरतेच्या एका वयस्क कारागिराने आम्हांस समोर बसवून सारा हिशोब उलगडून दाखविला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि टक्केवारी हा तर आमचा रोजचा व्यवहार, त्यामुळे समजण्यास अडचण पडली नाही. ती वाचकांसही पडू नये.

टायरच्या कडेवर तीन आकडे असतात. २३५/४५ आर १८ हे माप घ्या. २३५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ हा टक्का: रिमेच्या वर टायरच्या बाजूची जी उंची राहते, ती रुंदीच्या शेकडा ४५ असते. १८ हा रिमेचा व्यास, इंचांत. आता रिमेचे १८ इंच म्हणजे ४५७.२ मिलिमीटर. त्यांत बाजूची उंची, वरची एकदा व खालची एकदा अशी दोनदा मिळवली की २११.५ आणखी येतात. एकूण उभी उंची ६६८.७ मिलिमीटर. टायर निवडताना पाहावयाचा पहिला आकडा हाच, रुंदी नव्हे.

ह्या मोटारीस कारखान्यानेच १८, १९ व २० इंची अशा तीन चाकांची सोय ठेवली होती. तिन्हींची मापे व त्यांवरून निघणारी उंची आम्ही मांडून पाहिली:

१८ इंची: पुढे २३५/४५, उंची ६६८.७; मागे २६५/४५, उंची ६९५.७.
१९ इंची: पुढे २३५/४०, उंची ६७०.६; मागे २६५/४०, उंची ६९४.६.
२० इंची: पुढे २३५/३५, उंची ६७२.५, मागे २६५/३५, उंची ६९३.५.

वाचकहो, हा तक्ता क्षणभर थांबून पाहावा. रिम दोन इंचांनी वाढली तरी टायरची रुंदी कारखान्याने मिलिमीटरभरही वाढविली नाही. दर इंचामागे टक्का मात्र पाचाने उतरविला. त्यामुळे एकूण उंचीत पुढे चार मिलिमीटरांची वाढ व मागे दोनांची घट, एवढाच फरक पडला. मागले चाक पुढल्यापेक्षा शेकडा तीन ते चार उंच, हे प्रमाण तिन्ही मापांत जवळजवळ कायम आहे.

आता आमचा पराक्रम पाहा. २४५/३५ आर २० ची उंची ६७९.५ भरते. म्हणजे पुढली चाके सुमारे ११ मिलिमीटर वाढली, मागली १६ मिलिमीटर घटली, आणि दोहोंतील फरक शून्य झाला. मूळ मापांनी पुढले चाक किलोमीटरमागे सुमारे ४७६ फेरे घेई व मागले ४५८. हे अठरा फेऱ्यांचे अंतर मोटारीच्या यंत्रास ठाऊक असते. घसरण सांभाळणारी यंत्रणा चारही चाकांचे फेरे सतत ताडून पाहते. चारही चाके सारखी फिरू लागताच तिला वाटले की मागली चाके जागच्या जागी निसटत आहेत. पिवळा दिवा त्याचाच होता. यंत्र आम्हांस हिशोबातील चूक दाखवीत होते, आणि आम्ही ते मुकाट सोसावयास सांगितले.

दुसरी चूक रुंदीची. इंजिन मागल्या बाजूस असल्यामुळे भार मागे अधिक, आणि इंजिनाची ओढही मागल्याच चाकांवर. म्हणून मागे ३० मिलिमीटर अधिक रुंद टायर दिलेला असतो. आम्ही पुढली रुंदी १० ने वाढविली व मागली २० ने कमी केली. पुढचा भाग रस्ता घट्ट धरून वळला, मागच्या भागास तेवढी पकड राहिली नाही, आणि ओल्या रस्त्याने उरलेले काम केले. मालमोटारीचा न्याय आम्ही अशा मोटारीस लावला होता.

सर्वच वेगवान मोटारींना मागे उंच चाक लागते, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. फॉर्म्युला वन शर्यतींत २०२२ साली १३ इंची चाके जाऊन १८ इंची आली. तेव्हा पुढल्या टायरची रुंदी ३०५ व मागल्याची ४०५ मिलिमीटर होती. उंची मात्र दोहोंची ७२० च. पुष्कळ मोटारींस चारही टायर एकाच मापाचे असतात आणि ते योग्यही असते. सांगावयाचे ते इतकेच की पुढल्या-मागल्याचे प्रमाण ज्या त्या मोटारीचे असते. ते मोटार बनविणाऱ्याने ठरविलेले असते, आणि चाक मोठे करताना ते मोडता कामा नये.

कारागिराने सांगितलेली आणखी काही पथ्ये येथे देतो. टायरवर मापापुढे एक अंक व एक अक्षर असते. अंक भाराचा: ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. अक्षर वेगाचे: ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटर, ‘वाय’ म्हणजे ३००. नवा टायर ह्या दोहोंत कारखान्याने सांगितल्यापेक्षा उणा नसावा. टायरच्या रुंदीस रिमेचीही रुंदी जुळली पाहिजे. अरुंद रिमेवर रुंद टायर फुगून बसतो व वळणावर डळमळतो. रिम मोटारीस जेथे टेकते ती जागा फार आत-बाहेर झाली, तर टायर आतून सांध्यास किंवा बाहेरून मडगार्डास घासतो. म्हणून बसविल्यावर स्टेअरिंग दोन्ही अंगांस पुरते फिरवून आणि मोटारीत माणसे बसवून पाहावे. हवेचा दाबही नव्या मापाप्रमाणे, पुढला वेगळा व मागला वेगळा, विचारून घ्यावा.

कायद्याचीही आठवण ठेवावी. नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमास मान्य नाही. तेव्हा चाके बदलण्यापूर्वी कारखान्याच्या माहितीपुस्तकातील मापे पाहावीत आणि विमा कंपनीस लेखी विचारावे.

शेवटी रस्त्याविषयी. १८ इंची चाकावर पुढल्या टायरची बाजू १०६ मिलिमीटर उंच असते, २० इंचीवर ८२. खड्ड्याचा धक्का सोसणारी गादी ती एवढीच, आणि तीतून २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच, आपण शोभेसाठी काढून टाकतो. पावसाळ्यानंतरचे आपल्याकडील रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस अधिक सांगणे नलगे. टायर वाचला तरी रिम वाकते.

पुतण्याची हौस अगदीच मोडावी असे आम्हांस वाटले नाही. दोघांनी मिळून तक्ता पुन्हा पाहिला आणि मधला मार्ग धरला: १९ इंची, पुढे २३५/४०, मागे २६५/४०. बसविल्यावर दिवा विझला. ह्या वेळी तो दुकानी जाण्यापूर्वी मापे कागदावर लिहून घेऊन आला व म्हणाला, “काका, एकदा बेरीज तपासता का?” आम्ही ती दोनदा तपासली. जुन्या चार टायरांचे व रिमांचे जे नुकसान झाले, ते तो आपल्या खाती धरीत होता. आम्ही ते आमच्या नावे टाकविले. सल्ला आमचा होता.