अमेरिकेतील राज्यनिहाय करभार आणि राहणीमानाचा खर्च : एक विवेचन

प्रस्तावना

अमेरिकेतील टेक्सास, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांत प्राप्तिकर नाही, हे विधान भारतीय वाचकाला प्रथमदर्शनी बुचकळ्यात टाकणारे आहे. केंद्रीय प्राप्तिकर तर तेथे सर्व राज्यांतील नागरिकांना भरावाच लागतो. मग 'नाही' तो कर कोणता, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. भारतात शेती-उत्पन्नाचा अपवाद वगळता उत्पन्नावरील कर हा संघसूचीतील विषय आहे. राज्यांना व्यवसाय कर आकारता येतो, परंतु राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्यावर प्रतिव्यक्ती वार्षिक २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अमेरिकेत मात्र केंद्र आणि घटक राज्य एकाच उत्पन्नावर स्वतंत्रपणे कर आकारू शकतात. न्यूयॉर्कसारखे शहरही त्यात आपली भर घालते. विस्कॉन्सिन राज्याने १९११ मध्ये आधुनिक स्वरूपाचा प्राप्तिकर लागू केला, तर केंद्राला हा अधिकार निःसंदिग्धपणे मिळाला तो १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने. या स्वायत्ततेतून पन्नास राज्यांच्या पन्नास करव्यवस्था निर्माण झाल्या. या व्यवस्थांत करभार कोणावर व किती पडतो आणि राहणीमानाच्या खर्चाशी त्याचा संबंध कसा जोडावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

महसुलाचे तीन प्रमुख स्रोत

राज्ये व त्यांच्या अधिकारक्षेत्रातील स्थानिक संस्था यांचा करमहसूल मुख्यतः प्राप्तिकर, विक्रीकर आणि मालमत्ता कर या तीन स्रोतांतून येतो.

प्राप्तिकराच्या बाबतीत राज्याराज्यांतील तफावत सर्वाधिक ठळक आहे. २०२५ च्या अखेरीस अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन व वायोमिंग या नऊ राज्यांत वेतनावर राज्याचा प्राप्तिकर नव्हता. याउलट कॅलिफोर्नियात उत्पन्नाच्या सर्वोच्च टप्प्यावर १३.३ टक्के दर आहे. पेनसिल्व्हेनियाने मध्यम मार्ग स्वीकारला असून तेथे सर्वांना ३.०७ टक्के हा एकच दर लागू होतो.

विक्रीकराचे चित्र याहून वेगळे दिसते. अलास्का, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर व ओरेगॉन या पाच राज्यांत राज्यस्तरीय विक्रीकर नाही. अलास्कात मात्र स्थानिक संस्था तो आकारू शकतात. प्राप्तिकर नसलेल्या टेनेसीत राज्याचा विक्रीकर ७ टक्के असून त्यावर स्थानिक कराची भर पडते. तेथे खाद्यपदार्थही करमुक्त नाहीत. त्यांवर राज्य ४ टक्के कर घेते.

मालमत्ता कर हा प्रामुख्याने स्थानिक संस्थांचा कर होय. आपल्याकडील घरपट्टीशी त्याचे साम्य असले तरी त्याचे प्रमाण कितीतरी मोठे आहे, कारण सार्वजनिक शाळांचा मोठा खर्च त्यातून भागविला जातो. न्यू जर्सीत घराच्या बाजारमूल्याच्या सुमारे दोन टक्के रक्कम दरवर्षी या करापोटी जाते, तर हवाईत हे प्रमाण सर्वांत कमी, म्हणजे सुमारे ०.३ टक्के आहे. कॅलिफोर्नियात १९७८ च्या 'प्रस्ताव १३' या सार्वमताने मूळ कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर आणि मूल्यांकनातील वार्षिक वाढ २ टक्क्यांवर रोखली. घर विकले गेल्यावरच त्याचे नव्याने मूल्यांकन होते. परिणामी शेजारी शेजारी असलेल्या दोन सारख्याच घरांपैकी जुना मालक अल्प कर भरतो आणि नवा मालक त्याच्या कितीतरी पट.

'करमुक्त' राज्याचे वास्तव

एक स्रोत बंद केला तरी शाळा, रस्ते आणि पोलीस यांचा खर्च थांबत नाही. शिवाय बहुतेक सर्व राज्यांवर अंदाजपत्रक संतुलित ठेवण्याचे बंधन असल्याने केंद्राप्रमाणे तूट वाढवत नेणे त्यांना शक्य नसते. साहजिकच भार दुसऱ्या करांवर सरकतो. हा भार कोणावर सरकतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, 'अ' राज्यात उत्पन्नावर सरसकट ५ टक्के कर आणि घराच्या मूल्यावर ०.९ टक्के मालमत्ता कर आहे. 'ब' राज्यात प्राप्तिकर नाही, परंतु मालमत्ता कर २ टक्के आहे. विक्रीकर दोन्हीकडे सारखाच असून सर्व वजावटी बाजूला ठेवल्या आहेत. ७०,००० डॉलर उत्पन्न व ३,००,००० डॉलरचे घर असलेले कुटुंब 'अ' मध्ये ३,५०० अधिक २,७०० असे ६,२०० डॉलर भरेल, तर 'ब' मध्ये ६,००० डॉलर. फरक केवळ २०० डॉलरचा. त्याच किमतीच्या घरात राहणाऱ्या, परंतु २५,००० डॉलर उत्पन्नावर गुजराण करणाऱ्या निवृत्त दांपत्याला 'अ' मध्ये ३,९५० डॉलर द्यावे लागतील, 'ब' मध्ये मात्र ६,०००. उलट ३,००,००० डॉलर उत्पन्न आणि ६,००,००० डॉलरचे घर असलेल्या कुटुंबाचा कर 'अ' मधील २०,४०० डॉलरवरून 'ब' मध्ये १२,००० डॉलरवर उतरेल. तात्पर्य, प्राप्तिकराच्या अभावाचा लाभ उच्च उत्पन्न गटाला होतो. मध्यमवर्गाला तो फारसा जाणवत नाही आणि अल्प उत्पन्न गटाला तोटाही होऊ शकतो.

प्रत्यक्षातील अभ्यासही याच दिशेने निर्देश करतात. 'इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी' या संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार, देशभराच्या सरासरीत सर्वांत गरीब २० टक्के कुटुंबे आपल्या उत्पन्नाच्या ११.४ टक्के रक्कम राज्य व स्थानिक करांपोटी देतात, तर सर्वांत श्रीमंत १ टक्का कुटुंबे ७.२ टक्के. सर्वाधिक प्रतिगामी ठरलेल्या राज्यांत फ्लोरिडा, वॉशिंग्टन, टेनेसी, नेवाडा, साउथ डकोटा व टेक्सास ही प्राप्तिकर नसलेली राज्ये अग्रभागी आहेत. 'टॅक्स फाउंडेशन' ही संस्था मात्र राज्याचा सरासरी करभार मोजते. तिच्या २०२२ च्या अंदाजानुसार न्यूयॉर्कमध्ये तो १५.९ टक्के, तर अलास्कात ४.६ टक्के होता. या दोन्ही निष्कर्षांत विसंगती नाही. पहिली संस्था भाराची वर्गवार वाटणी तपासते, दुसरी एकूण भाराचे प्रमाण. अलास्काचा आकडा इतका कमी असण्याचे कारण त्या राज्याला खनिज तेलापासून मिळणाऱ्या उत्पन्नात आहे. इतर राज्यांना त्याचे अनुकरण करता येणार नाही.

राहणीमानाच्या खर्चातील तफावत

करानंतर हाती उरलेल्या डॉलरची क्रयशक्तीही सर्वत्र सारखी नसते. अमेरिकेचे 'ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक अॅनालिसिस' हे सरकारी कार्यालय राज्यनिहाय किंमतपातळीचे निर्देशांक प्रसिद्ध करते. राष्ट्रीय सरासरी १०० मानल्यास २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाचा निर्देशांक सुमारे ११२, तर आर्कान्सा व मिसिसिपी यांचा सुमारे ८७ होता. म्हणजेच १,००,००० डॉलरच्या वेतनाची खरी किंमत कॅलिफोर्नियात सुमारे ८९,००० आणि मिसिसिपीत सुमारे १,१५,००० डॉलर ठरते. बाजारात मिळणाऱ्या वस्तूंच्या किमतींत फारसा फरक नसतो. तफावत मुख्यतः घरभाड्यामुळे पडते. हवाईची स्थिती अधिक बिकट आहे. तेथे बहुतांश माल समुद्रमार्गे येतो आणि १९२० च्या 'जोन्स कायद्या'नुसार देशांतर्गत बंदरांमधील मालवाहतूक अमेरिकेत बांधलेल्या जहाजांतूनच करावी लागते.

वेतनाची किमान पातळीही राज्यागणिक बदलते. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर स्थिर आहे. टेक्सास व मिसिसिपी येथे तेच लागू आहे. कॅलिफोर्नियात मात्र २०२५ मध्ये ते १६.५० आणि वॉशिंग्टन राज्यात १६.६६ डॉलर होते. अर्थात महागड्या राज्यांतील वाढीव वेतनाचा बराच भाग घरभाडे गिळंकृत करते.

केंद्रीय धोरण या तफावतीची पुरेशी दखल घेत नाही. केंद्रीय प्राप्तिकराचे टप्पे सर्व राज्यांना समान असल्याने, महागड्या राज्यातील अधिक परंतु क्रयशक्तीने तेवढ्याच असलेल्या वेतनावर अधिक दराने कर लागू शकतो. दारिद्र्यरेषेची सरकारी मार्गदर्शक मर्यादाही अलास्का व हवाई वगळता ४८ राज्यांना एकच आहे. अधिक कर आकारणाऱ्या राज्यांतील नागरिकांना राज्य व स्थानिक करांची वजावट हा दिलासा होता. परंतु २०१७ च्या करकायद्याने तिच्यावर १०,००० डॉलरची मर्यादा घातली. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया येथून तिला तीव्र विरोध झाला. २०२५ च्या कायद्याने ती मर्यादा तात्पुरती ४०,००० डॉलरवर नेली, तथापि अतिउच्च उत्पन्नासाठी ती क्रमाने घटते.

करांच्या मोबदल्यात मिळणाऱ्या सेवा

करभाराचा विचार सेवांपासून अलग करता येत नाही. मालमत्ता करावर शाळा चालविल्या की श्रीमंत वस्तीतील शाळा संपन्न व गरीब वस्तीतील शाळा विपन्न होतात. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील पालकांनी या विषमतेला न्यायालयात आव्हान दिले. परंतु १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही पद्धत केंद्रीय राज्यघटनेचा भंग करीत नसल्याचा निर्णय दिला. पुढे १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे ती अवैध ठरविली आणि १९९३ पासून संपन्न शाळा-जिल्ह्यांचा काही महसूल इतरांकडे वळविण्यास प्रारंभ झाला. आरोग्यसेवेतही असाच भेद आढळतो. अल्प उत्पन्न गटासाठीच्या 'मेडिकेड' योजनेचा विस्तार टेक्सास, फ्लोरिडा व टेनेसी यांनी २०२५ अखेरपर्यंत स्वीकारलेला नव्हता. फ्लोरिडात चक्रीवादळांच्या धोक्यामुळे घराचा विमाही अत्यंत महाग आहे. प्राप्तिकरात वाचलेली रक्कम अशा वाटांनी खर्च होते.

स्थलांतराचा प्रश्न

दोन राज्यांच्या सीमेवर ही तफावत दैनंदिन जीवनातच दिसते. कोलंबिया नदीच्या एका तीरावर ओरेगॉनचे पोर्टलँड, तर दुसऱ्या तीरावर वॉशिंग्टन राज्यातील व्हँकुव्हर शहर आहे. व्हँकुव्हरमध्ये राहून प्राप्तिकर टाळावा आणि पोर्टलँडमध्ये खरेदी करून विक्रीकर वाचवावा, असा मोह तेथे सहज होतो. मात्र ओरेगॉनमध्ये नोकरी असल्यास तेथील वेतनावर ओरेगॉनचा प्राप्तिकर चुकत नाही.

मोठ्या प्रमाणावरील स्थलांतराचे प्रतिबिंब २०२० च्या जनगणनेत उमटले. तिच्या आधारे प्रतिनिधिगृहात टेक्सासच्या दोन जागा वाढल्या, तर कॅलिफोर्नियाने इतिहासात प्रथमच एक जागा गमावली. तथापि याचे श्रेय केवळ करांना देणे योग्य होणार नाही. कॅलिफोर्नियातून बाहेर पडणाऱ्यांत मध्यम व अल्प उत्पन्न गटातील कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यावर प्राप्तिकराचा भार मुळातच कमी असतो. त्यांना बाहेर ढकलणारी प्रमुख बाब म्हणजे न परवडणारे घर.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, 'कोणते राज्य स्वस्त?' या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. करांचा दर, त्यांची वर्गवार वाटणी, स्थानिक किंमतपातळी आणि मिळणाऱ्या सेवा या चारही बाबी एकत्र मांडल्याशिवाय तुलना अपुरी राहते. न्यू जर्सीतून टेक्सासला जाण्याचा विचार करणाऱ्या मराठी अभियंता कुटुंबालाही केवळ प्राप्तिकराची बचत पाहून भागणार नाही. घराचा मालमत्ता कर आणि विम्याचा हप्ताही त्याच हिशेबात धरावा लागेल. भारतात २०१७ च्या वस्तू व सेवा कराने राज्यांचे करदर-स्वातंत्र्य बरेच संकुचित केले. अमेरिकेने ते कायम राखले, आणि त्याची किंमत राज्याराज्यांतील विषमतेच्या रूपाने मोजली. राज्यांची स्वायत्तता व नागरिकांमधील समानता यांचा मेळ घालताना कोणत्या वर्गाला किती भार सोसावा लागतो, हा प्रश्न संघराज्यीय वित्तव्यवस्थेच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.