धारिका-वैधता तपासणी

धारिका-वैधता तपासणी : आंतरजालावरील अर्जासोबत अर्जदाराने जोडलेली धारिका, म्हणजे फाइल, स्वीकारण्यायोग्य आहे किंवा नाही हे ती साठविण्यापूर्वी ठरविण्याची प्रक्रिया. अर्जातील नाव, वय, गट क्रमांक यांसारखी माहिती मोजकी व ठराविक स्वरूपाची असते. धारिकेत मात्र कोणत्याही प्रकारचा मजकूर, चित्र अथवा आज्ञावली असू शकते. तपासणी सैल असल्यास घातक आज्ञावली सर्व्हरमध्ये शिरते. ती अवाजवी कडक असल्यास खऱ्या अर्जदाराचा अर्ज मुदतीत दाखल होत नाही. हे दोन्ही दोष टाळणे हे तपासणीचे उद्दिष्ट होय.

इतिहास : आंतरजालावरील अर्जातून आरंभी केवळ मजकूर पाठविता येत असे. अर्जातूनच धारिका पाठविण्याची पद्धत झेरॉक्स कंपनीतील नेबेल व मासिंटर यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये सुचविली. तीत अर्जातील मजकूर व धारिका एकाच संदेशाच्या निरनिराळ्या भागांत ठेवतात आणि त्या भागांमध्ये सीमाखूण घालतात. या पद्धतीचे मानक २०१५ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाले. संदेशात धारिकेचे नाव व प्रकार नमूद केलेला असतो. परंतु ही दोन्ही विधाने पाठविणाऱ्याची असतात, त्यांना पुराव्याचे मोल नसते. तपासणीची गरज मुळात यातून उद्भवते.

महाराष्ट्रातील उपयोग : शेतीविषयक शासकीय कामकाजात धारिकांची देवाणघेवाण गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढली आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली; तीत शेतकरी स्वतः शेतात जाऊन पिकाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठवितो. २०२५ मध्ये भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ हे उपयोजन आणले व त्यावरील नोंदणीस जमिनीची कागदपत्रे जोडणे आवश्यक केले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रु. होता. यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा, मुख्यतः कोरडवाहू कापसाचा जिल्हा. झरी जामणी वा घाटंजी तालुक्यातील शेतकऱ्याचा उतारा अस्पष्ट म्हणून किंवा आकारमान अधिक म्हणून परत आला, तर कापूस खासगी व्यापाऱ्याला कमी भावाने विकण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते.

तपासणीचे टप्पे : पहिली तपासणी अर्जदाराच्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर होते. मोठी धारिका पाठविण्याआधीच चूक कळल्याने वेळ व डेटा वाचतो, एवढाच तिचा उपयोग. ती वगळून सर्व्हरकडे थेट संदेश पाठविता येतो. म्हणून प्रत्येक नियम सर्व्हरवर पुन्हा लावावाच लागतो.

सर्व्हरवर प्रथम आकारमान पाहतात आणि मर्यादा ओलांडताच धारिका घेणे थांबवितात. त्यानंतर नावाच्या शेवटी येणारे प्रकारदर्शक अक्षर-चिन्ह पाहतात. निषिद्ध प्रकारांची यादी करण्याऐवजी पीडीएफ, जेपीईजी अशा मोजक्या मान्य प्रकारांची यादी करणे सुरक्षित असते. कारण निषिद्धांची यादी कधीच पूर्ण होत नाही.

नाव बदलणे सोपे असल्याने पुढे आशयाची तपासणी करतात. बहुतेक प्रकारच्या धारिकांच्या आरंभी ओळखखूण असते. जेपीईजी चित्राचे पहिले तीन बाइट २५५, २१६ व २५५ असतात. पीएनजी चित्रात १३७ या बाइटानंतर ‘पी-एन-जी’ ही रोमन अक्षरे येतात. परंतु आरंभी चित्राची खूण व पुढे आज्ञावली अशी दुहेरी धारिकाही रचता येते. यावर उपाय म्हणजे चित्र पूर्ण उलगडून ते नव्याने लिहिणे. त्यामुळे चित्राबाहेरचा मजकूर बहुधा गळून पडतो. उलगडण्यापूर्वी चित्राची लांबी-रुंदी व संकुचित धारिकेचे विस्तारित आकारमान यांवरही मर्यादा घालतात. सुमारे ४२ किलोबाइटांची एक कुप्रसिद्ध संकुचित धारिका पूर्ण उलगडल्यास सुमारे ४.५ पेटाबाइट जागा व्यापते. शेवटी विषाणुशोधक आज्ञावलीने धारिका तपासतात.

साठवण : अर्जदाराने दिलेले नाव साठवणीसाठी वापरीत नाहीत. त्या नावात वरच्या कप्प्याकडे नेणारी चिन्हे असल्यास धारिका भलत्याच जागी लिहिली जाते. सर्व्हर स्वतःच एक यादृच्छिक नाव देतो आणि जेथून आज्ञावली चालू शकत नाही अशा स्वतंत्र जागी धारिका ठेवतो. एकाची धारिका दुसऱ्याला दिसू नये म्हणून ती मागणाऱ्याचा अधिकार दर वेळी पडताळतात. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रात स्थळाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. पीक पाहणीत स्थळाची माहिती हाच पुराव्याचा गाभा असतो. ओळखीच्या छायाचित्रात मात्र तिची गरज नसल्याने ती काढून टाकणे योग्य ठरते.

धारिका वाचणारी आज्ञावलीही सदोष असू शकते. २०१६ मध्ये इमेजमॅजिक या चित्रप्रक्रियेच्या आज्ञावलीत असा दोष आढळला, की विशिष्ट रीतीने रचलेले चित्र उघडताच त्यातील आज्ञा सर्व्हरवर चालत. २०१७ मध्ये अमेरिकेतील इक्विफॅक्स या संस्थेकडील सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीस गेली; तेथे चोरांनी वापरलेला दोष अर्जातील धारिका-संदेश वाचणाऱ्या स्ट्रट्स या आज्ञावलीच्या भागात होता. दोषदुरुस्ती उपलब्ध होऊनही ती सर्वत्र लावली गेली नव्हती. म्हणून अशा आज्ञावल्या अद्ययावत ठेवणे हा तपासणीचाच भाग मानतात.

अर्जदाराची सोय : धारिकेच्या नावात केवळ रोमन अक्षरे चालतील असा नियम केल्यास ‘सातबारा’ असे देवनागरी नाव दिलेली निर्दोष धारिका नाकारली जाते. सर्व्हर नाव बदलतच असल्याने या नियमाने सुरक्षितता फारशी वाढत नाही. कमाल आकारमान व मान्य प्रकार अर्जाच्या आरंभीच मराठीत सांगणे, धारिका नाकारल्यास नेमके कारण व उपाय कळविणे, मोठे छायाचित्र शक्य तेथे यंत्रणेनेच लहान करणे आणि जाळे तुटल्यास राहिलेला भागच पुन्हा मागणे, या सोयी ग्रामीण भागात विशेष महत्त्वाच्या ठरतात. ‘अवैध धारिका’ एवढाच संदेश मिळाल्यास अर्जदाराला सेवा केंद्राच्या निष्कारण खेपा घालाव्या लागतात.

मर्यादा : धारिका वैध असणे आणि दस्तऐवज खरा असणे या भिन्न गोष्टी होत. फेरफार केलेल्या उताऱ्याचे चित्रही वरील सर्व कसोट्यांना उतरते. दस्तऐवजाच्या सत्यतेसाठी डिजिटल स्वाक्षरीची पडताळणी, मूळ अभिलेखाशी तुलना किंवा अधिकाऱ्याची तपासणी लागते. याच कारणाने दस्तऐवज अर्जदाराकडून न मागता मूळ नोंदीतून थेट घेण्याकडे कल वाढत आहे. २०१५ मध्ये सुरू झालेली डिजिलॉकर ही केंद्र शासनाची सेवा आणि महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी २०२५ पासून आवश्यक झालेला शेतकरी ओळख क्रमांक ही त्याची उदाहरणे होत. मात्र मूळ नोंदच चुकीची असेल, वारसाची नोंद झालेली नसेल किंवा जमीन तोंडी बटाईने कसली जात असेल, तर अर्जदाराला आपला पुरावा स्वतः जोडण्याची वाट खुली असावी लागते. त्यामुळे धारिका-वैधता तपासणीची आवश्यकता या व्यवस्थेतही टिकून राहते.